हजार तुकड्यांची प्रिमाव्हेरा

यंदाचा अख्खा श्रावण आमच्या घरातला कॅरम बोर्ड मी अडवून ठेवला. धाकट्या नातवाची रोज कुरकुर. पण इलाज नव्हता. म्यूनिकच्या लेकीने एक जिगसॉ पझल पाठवलं, हजार तुकड्यांचं, आणि ते मांडायला घरात तेवढी एकच सपाट जागा. "आई, शब्दकोडी पुरे झाली आता, डोक्याला जरा नवीन काम दे," असा वर फोनवरून हुकूम. पंच्याहत्तरीला आलेल्या आईच्या डोक्याची मुलांना काळजी वाटते, हे चांगलंच म्हणायचं.

खोक्यावरचं चित्र ओळखीचं निघालं. बॉटिचेलीचं 'प्रिमाव्हेरा', म्हणजे वसंत. हे चित्र मी फ्लॉरेन्सच्या उफीझी संग्रहालयात प्रत्यक्ष पाहिलंय, २०१९ च्या एप्रिलमध्ये, लेकीकडे गेले होते तेव्हा. पाहिलंय म्हणजे काय, समोर उभी होते. चित्र प्रचंड आहे. उंची २०३ सेंटिमीटर, रुंदी ३१४. आमच्या मिरजेच्या जुन्या घरातल्या माजघराची एक भिंत त्याने भरली असती. तरी त्या दिवसातलं मला खरं आठवतं ते म्हणजे दुखणारे गुडघे आणि पुढच्या लोकांनी वर धरलेले मोबाईल. जावई हळूच घड्याळ बघत होते. मी "छान आहे हो" म्हणाले आणि पुढे सरकले. दहा मिनिटंसुद्धा झाली नसतील. आता इतक्या वर्षांनी, चष्मा लावून, एकेक तुकडा हातात धरून महिनाभर बसले तेव्हा कुठे ते चित्र दिसायला लागलं.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. संत्र्यांची गर्द बाग. तीत नऊ जणं. मधोमध व्हीनस, म्हणजे प्रेमाची देवता. पण सिनेमातल्यासारखी नाही हं, अंगभर कपडे, डोक्यावर ओढणीसारखं वस्त्र, मान किंचित कललेली, एक हात 'या' म्हटल्यासारखा उचललेला. एखाद्या घरची थोरली सूनच जणू. तिच्या डोक्यावर तिचा मुलगा क्युपिड तरंगतोय, डोळ्यांवर पट्टी बांधलेली आणि धनुष्याला पेटता बाण लावलेला. डाव्या हाताला तिघी जणी झिरझिरीत वस्त्रांत हात गुंफून फेर धरतायत, त्या ग्रेसेस. त्यांच्याही पलीकडे मर्क्युरी सगळ्यांकडे पाठ करून काठीने ढग हटवत उभा. आणि उजवीकडे? उजवीकडे आपण नंतर येऊ. तिथेच माझं घोडं अडलं.

पायाखाली सगळी हिरवळ आणि फुलं. चित्रावरचं जुनं काळवंडलेलं वार्निश १९८२ साली साफ केलं, तेव्हा खाली किती फुलं आहेत ते लोकांना नीट दिसलं. वनस्पतिशास्त्रवाल्यांनी शंभरावर जाती ओळखून काढल्या आहेत. पाहणाऱ्याला हे कौतुकाचं, पण पझल लावणाऱ्याला शाप! काळपट हिरव्यावर पांढरा ठिपका, असे अडीचशे तुकडे. सूनबाई येताजाता एखादा अचूक बसवून जायची आणि मला राग यायचा.

पट्टी बांधलेल्या क्युपिडवरून मला आपला मदन आठवला. बी.ए.ला कुमारसंभवाचा तिसरा सर्ग होता आम्हाला. तिथेही वसंत अवेळी येतो, मदनाचा सोबती म्हणून, आणि मदन शंकरावर बाण रोखतो. त्यांचे बाण पेटते, आपल्या मदनाचे फुलांचे, पाच. त्यांचा आंधळा, तर आपला शंकराने जाळल्यामुळे बिनदेहाचा, अनंग. कुठेच कुणाला डोळे-नाक-कान सगळं शाबूत असलेला प्रेमाचा देव परवडलेला दिसत नाही. असो.

तर उजवी बाजू. पुण्याची थोरली नात तेव्हा पंधरा दिवस आमच्याकडे येऊन लॅपटॉपवर ऑफिस करत होती. तिचं लग्न माघात आहे, तिचं तिने ठरवलेलं. एकदा जेवणाच्या सुट्टीत ती येऊन बसली आणि उजव्या कोपऱ्यातले तुकडे जुळवायला लागली. तिथे एक निळसर-हिरवा माणूस आहे, पंख असलेला, गाल फुगवलेला, झाडांतून घुसून आलेला. झाडंसुद्धा त्याच्या जोराने वाकलीयत. त्याने एका मुलीला पकडलंय. ती पळता पळता मागे वळून त्याच्याकडे बघतेय आणि तिच्या तोंडातून फुलांची डहाळी बाहेर पडतेय.

"आजी, ही ओरडतेय का?" नात म्हणाली.

मला काही सांगता येईना. मी म्हटलं थांब, बघून सांगते. मास्तरीण होते ना, न वाचता उत्तर देणं जमत नाही.

मग रोज रात्री वाचलं. नात शोधून द्यायची आणि मी अक्षरं मोठी करून वाचायची. गोष्ट रोमन कवी ओव्हिडच्या 'फास्ती' या पुस्तकाच्या पाचव्या भागातली आहे. फास्ती म्हणजे त्यांच्या सणावारांची पोथीच. त्यात कवी फ्लोरा या फुलांच्या देवीलाच विचारतो, बाई, तुझी हकीकत काय? आणि ती स्वतः सांगते. मी पूर्वी क्लोरिस होते, रानात राहणारी. वसंताचे दिवस होते, हिंडत होते. पश्चिम वाऱ्याने, झेफिरने मला पाहिलं. मी बाजूला झाले, तो मागे आला. मी पळाले, पण तो जास्त ताकदीचा. त्याच्या भावाने आधी अशीच एक राजकन्या पळवली होती, त्यामुळे घरात वहिवाट पडलेली होती! (हे शब्द माझे, पण मतलब तोच.) मग त्याने मला पत्नीचं नाव देऊन भरपाई केली. माझी संसाराबद्दल तक्रार नाही. त्याने मला बाग दिली, फुलांची राणी केलं. आणि नाव? ते लोकांच्या जिभेवर बदललं. ग्रीक क्लोरिसची लॅटिनमध्ये फ्लोरा झाली.

बॉटिचेलीने याच दोघी शेजारीशेजारी काढल्या आहेत. पळणारी क्लोरिस, आणि तिच्यापुढे एक पाऊल टाकून उभी असलेली फ्लोरा. फुलाफुलांचा झगा, गळ्यात फुलांची माळ, ओच्यातले गुलाब उधळतेय. चेहऱ्यावर हसू आहे, पण ते कोणाकडे बघून ते कळत नाही. दोघी म्हणजे एकच बाई, आधीची आणि नंतरची. क्लोरिसचे हात फ्लोराला जवळजवळ लागलेत. पण फ्लोरा मागे वळून बघत नाही, आणि क्लोरिसला पुढे बघायला फुरसत नाही.

आणखी एक गंमत सांगते. गंमत म्हणू की नको कळत नाही. ओव्हिडच्या गोष्टीत फुलं बाहेर पडतात ती फ्लोराच्या तोंडातून, सगळं होऊन गेल्यावर ती निवांत आपली हकीकत सांगत असते तेव्हा. बॉटिचेलीने ती उचलून क्लोरिसच्या तोंडात ठेवली, ऐन पळताना. म्हणजे जिथे किंकाळी असायची तिथे फुलं. नातीने विचारलेला प्रश्न अगदी बरोबर होता.

"मग ती त्याच्याशी लग्न करते?" तिने विचारलं.
"हो."
"आणि म्हणते तक्रार नाही?"
"हो."
"बरं," असं म्हणून ती मीटिंगला निघून गेली. ते 'बरं' मला दिवसभर पुरलं.

आता हे चित्र होतं कुठे ते ऐका. खूप वर्षं समजूत अशी होती, की ते फ्लॉरेन्सबाहेरच्या कास्तेल्लोच्या हवेलीसाठी काढलं गेलं, कारण वसारी या चरित्रकाराने सोळाव्या शतकात ते तिथे पाहिलं होतं. (वसंत हे नावही त्याच्याच वर्णनावरून रुळलं.) पण १९७५ साली १४९९ ची एक यादी प्रकाशात आली. घरातल्या सामानाची यादी असते ना, तशी. तीत हे चित्र शहरातल्या वाड्यात, लोरेन्झो दि पिएरफ्रान्चेस्को दे मेदिची याच्या शयनगृहाला लागून असलेल्या खोलीत, बसायच्या-आडवं व्हायच्या एका मोठ्या बाकाच्या वर लावलेलं नोंदवलंय. हा लोरेन्झो म्हणजे सुप्रसिद्ध लोरेन्झोचा धाकटा चुलतभाऊ. त्याचं लग्न १४८२ मध्ये झालं, सेमिरामिदे आप्पियानी या मुलीशी. थोरल्या चुलतभावाने, घराण्याचे संबंध बघून जमवलेलं. मुलीकडचे पिओम्बिनोचे सत्ताधीश, एल्बा बेटावरच्या लोखंडाच्या खाणी त्यांच्या मुलखात. मुलगा विशीच्या आतलाच. हे चित्र त्या लग्नानिमित्त काढलं असावं असं अनेक अभ्यासक म्हणतात. काही जण मानत नाहीत, कोणी म्हणतं यात तत्त्वज्ञान आहे, कोणी म्हणतं हे वसंताच्या महिन्यांचं पंचांग आहे. पंडितांचं कधी एकमत झालंय!

मला मात्र ती सेमिरामिदे सोडेना. परक्या घरात नवी आलेली मुलगी. बाकावर बसायचं आणि भिंतीवर हे दहा फुटी. चित्र उजवीकडून डावीकडे वाचायचं असं सांगतात. म्हणजे पहिल्यांदा तो निळा माणूस, मग ती पळणारी, मग ती फुलं उधळणारी, मग मधोमध शांतपणे उभी असलेली प्रेमाची देवी. नव्या नवरीला दिलेला उपदेशच तो. घाबरू नकोस, होईल सगळं नीट, फुलं फुलतील. आपल्याकडे हे मावश्या-आत्या सांगायच्या, तिकडे बॉटिचेलीने सांगितलं.

थोडं विषयांतर करते, कारण राहवत नाही. दुसऱ्या महायुद्धात उफीझीतली चित्रं सुरक्षित राहावीत म्हणून आजूबाजूच्या गढ्यांमध्ये हलवली होती. प्रिमाव्हेरा होतं मोंतेगुफोनीच्या गढीत, सिटवेल नावाच्या इंग्रज कुटुंबाच्या मालकीच्या. १९४४ च्या उन्हाळ्यात जर्मन मागे हटले आणि तिथे पोचली ती ८ वी भारतीय डिव्हिजन. या डिव्हिजनमध्ये आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन होती. त्या गढीतल्या चित्रांपुढे भारतीय जवान उभे असल्याचे फोटो आहेत. ते वाचून मी खुर्चीतून उठलेच! सातारा-कोल्हापूरकडचा एखादा शिपाई, बूट चिखलाने भरलेले, आणि समोर भिंतीला टेकवलेली ही नऊ माणसं. त्याला काय वाटलं असेल? गावाकडे बायको ठेवून आलेला. सुट्टीत पंधरा दिवसांत लग्न उरकलेलं, आणि तिचं माहेरचं नाव कदाचित त्याला नीट माहीतही नसेल.

इथे मी नावाशी येऊन थांबले. खरं म्हणजे सुरुवातीपासून तिथेच यायचं होतं, धीर होत नव्हता. हे वाचणाऱ्यांत निम्मे माझे घरचेच आहेत.

तुम्ही सगळे मला अनुराधा म्हणून ओळखता. माहेरी मी सुलभा. १९७१ च्या मे महिन्यात माझं लग्न झालं. बी.ए.ची परीक्षा नुकतीच संपली होती, निकाल यायचा होता. मला पुढे एम.ए. करायचं होतं आणि तसं मी वडिलांना सांगितलंही होतं. ते म्हणाले स्थळ चांगलं आहे. स्थळ चांगलंच होतं. मी पळाले वगैरे नाही. कुठे पळणार? दोन दिवस जेवले नाही, मग आईने समजावलं, मग जेवले. लग्नात ताटात तांदूळ पसरून ठेवले आणि यांनी अंगठीने त्यात 'अनुराधा' लिहिलं. सगळ्यांनी वाकून वाचलं. सगळ्यात शेवटी मी.

सुरुवातीचे कितीतरी दिवस मला सासरी कोणी हाक मारली की मी ओ देत नसे. मुद्दाम नव्हे हो. मला वाटे दुसऱ्या कोणाला बोलावतायत. सासूबाईंनी आईला निरोप पाठवला, मुलीला कमी ऐकू येतं का, आधी सांगायचं होतं. पुढे हा विनोद घरात चाळीस वर्षं चालला. मीही हसायचे. पदवीचं प्रमाणपत्र आलं ते सुलभा नावाचं. पुढे बी.एड. केलं (ते यांनीच करायला लावलं, सासूबाईंशी भांडून), शाळेत लागले ती अनुराधा. त्या दोघी एकच आहेत हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र करावं लागलं. कचेरीतल्या कारकुनाने विचारलं, "या कोण?" आणि मी म्हटलं, "मीच." माझ्या पेन्शनच्या कागदांपर्यंत ते प्रतिज्ञापत्र बरोबर होतं. अजून कपाटात आहे.

आता यांच्याबद्दल. हे जाऊन २०१६ मध्ये किती जणांनी मला लिहिलं, भेटले, की असा माणूस होणे नाही. खरं आहे. त्यांनी आवाज चढवलेला मला आठवत नाही. माझा पगार माझ्या हातात ठेवला. मुलीच्या वेळी मला कावीळ झाली तेव्हा बँकेतून रजा घेऊन दोन महिने स्वयंपाक केला, त्या काळात, आईच्या देखत. झेफिर नव्हते ते. तो निळा माणूस कोण होता म्हणाल तर कोणीच नव्हता, किंवा सगळे मिळून होते. मांडवातले सगळे.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली त्या संध्याकाळी, मुलं केक आणायला गेली होती, आम्ही दोघंच होतो. मी सहज म्हटलं, तुम्ही ते नाव का हो बदललंत? हे म्हणाले, "मला आईने चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. का, तुला आवडलं नव्हतं?" मी म्हटलं नव्हतं. हे एकदम गप्प झाले. म्हणाले, "अगं मग आधी सांगायचं नाही का!" त्यांचा चेहरा असा पडला, की मलाच वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्यांनी मला सुलभा म्हणायला सुरुवात केली. मनापासून. "सुलभा, चहा झाला का?" "सुलभा, किल्ली कुठेय?"

आणि मला ऐकूच येईना! मी आपली ओट्यापाशी कामात. पाच-पाच हाका झाल्या की हे दारात येऊन उभे राहायचे. दोन दिवस त्यांनी प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी सकाळी बाहेरून हाक आली "अनुराधा", आणि मी "आले" म्हणाले. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

माझी संसाराबद्दल तक्रार नाही. हे वाक्य मी कित्येकदा, कित्येकांपुढे म्हटलंय, आणि खोटं म्हटलेलं नाही. फ्लोराही खोटं बोलत नसावी. पण ती बोलते तेव्हा कवी तिला फुलांबद्दल विचारत असतो. क्लोरिसला कोणी विचारलेलं नाही. ओव्हिडनेही नाही, वसारीने नाही, माझ्या आईने नाही. बॉटिचेलीने निदान तिला पुसून टाकलं नाही. फ्लोरा इतकी देखणी काढल्यावर क्लोरिस कशाला हवी होती? तीच गोष्ट फ्लोराच्या हसण्यातून सांगता आली असती. पण त्याने तिला ठेवली, त्या फुलांसकट, कायमची मागे वळून बघणारी. लग्नाच्या घरात. हे त्याने उपदेश म्हणून केलं की दुसरं काही मनात होतं, त्याचं त्याला माहीत. मला त्याचे आभार मानावेसे वाटतात एवढं खरं.

उजव्या कोपऱ्यातले शेवटचे तुकडे नातीने आणि मी एका रविवारी बसवले. ती तिचं नाव बदलणार नाहीये, पहिलं नाही आणि आडनावही नाही. तिच्या सासरचे लोक म्हणे त्यावर काही बोललेही नाहीत. मी तिला तांदळाची आणि चहाची, दोन्ही गोष्टी सांगितल्या. तिला आधीची ठाऊक होती, विनोद म्हणून. नंतरची नव्हती. थोडा वेळ ती नुसतीच तुकडा फिरवत बसली. मग म्हणाली, "आजी, मी तुला सुलभाआजी म्हणू?"

मी म्हटलं, "नको गं, मला ऐकू येणार नाही."

ती हसली, मीही. मग तिने शेवटचा तुकडा माझ्या हातात दिला. क्लोरिसच्या डाव्या पायाजवळचा होता, नुसतं काळपट हिरवं गवत.

नातवाला कॅरम बोर्ड परत हवाय. गणपतीत मित्र येणार आहेत. पुठ्ठा घालून चित्र उचलता येतं म्हणे, यूट्यूबवर आहे. मुलगा म्हणतो मोडून खोक्यात भर, पुन्हा लावता येईल. मी दोघांनाही म्हटलंय, दिवाळीपर्यंत थांबा.